सूनबाईला पाठवायचं वाक्य

पेंटरला इंग्रजी येत नव्हतं, पण गावात इंग्रजी लिहावं तर पेंटरनंच, अशी त्याची ख्याती होती. चाळीस वर्षं त्यानं दवाखान्यांच्या, चष्म्याच्या दुकानांच्या आणि वकिलांच्या पाट्या रंगवल्या होत्या. वकिलांच्या नावामागची पदव्यांची लांबलचक शेपटंसुद्धा. गिऱ्हाईक कागदावर मजकूर आणून द्यायचं, पेंटर एकेक अक्षर बघून तो पत्र्यावर उतरवायचा. अर्थ कधी विचारायचा नाही. "अर्थ वाचणाऱ्यानं बघावा, आपण आकार बघायचा," असं तो म्हणायचा, आणि म्हणून झालं की समोरच्याकडं जरा बघून घ्यायचा, कारण हे वाक्य आपल्याला फार जमून गेलंय असं त्याला वाटायचं.

असा हा माणूस एका सकाळी हातात इंग्रजी पत्र घेऊन जिना उतरला, तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा झाला होता. पत्र सुनेचं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण तिनं सासऱ्याला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. ती दूरच्या गावी नर्स होती, मराठीचा तिला गंध नव्हता आणि इंग्रजीचा पेंटरला. दोघांच्या मध्ये दुभाषा म्हणून पेंटरचा मुलगा होता. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, दर रविवारी फोन करायचा आणि इकडचं तिकडं सांगायचा.

खालच्या मजल्यावर बाईंचा टायपिंगचा क्लास होता. बाईंनी एका मोठ्या कचेरीत तेहतीस वर्षं इंग्रजी पत्रं टाइप केली आणि निवृत्त झाल्यावर दोन खोल्यांत आठ मशिनं मांडली. एका स्वल्पविरामासाठी त्यांनी म्हणे साहेबांना सही झालेलं पत्र फाडायला लावलं होतं. तेव्हापासून पाठीमागं सगळे त्यांना कॉमाबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. पेंटरची तर नव्हतीच.

"बाई, एवढं वाचून सांगा. पण जरा हळू."

बाईंनी मुलींकडं बघून टाळी वाजवली. "पाचवा धडा, दोनदा. न बघता." आठही मशिनं एकदम खडखडायला लागली. त्या आवाजात अगदी शेजारच्याखेरीज कोणाचं कोणाला ऐकू जात नसे, म्हणजे खासगी बोलायला गावात याच्याइतकी चांगली जागा दुसरी नव्हती.

बाईंनी पत्र आधी मनात वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मराठीत सांगायला सुरुवात केली.

"तिला दोन दवाखान्यांतून बोलावणं आलंय. एक आपल्या इथलं, मोठ्या रस्त्यावरचं. दुसरं तिच्या माहेराजवळचं. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. तुमच्या मुलाला कुठंही काम मिळेल म्हणते, लिफ्ट सगळीकडंच बिघडतात."

"बरं मग?"

"आता नीट ऐका. ती म्हणते, 'माझा नवरा म्हणतो, बाबांना चालेल. तो नेहमी एवढंच म्हणतो. तुम्ही फोनवर दोन मिनिटं बोलता आणि तो मला त्याचे दोन शब्द करून देतो. म्हणून पत्र तुम्हाला लिहितेय आणि उत्तर तुमचंच हवंय, त्याचं नको. लग्नात तुम्ही पाटीवर लिहून पाठवलं होतं की तुमची हरकत नाही. ती पाटी मी स्वयंपाकघरात लावलीय, कारण अक्षरं फार सुंदर आहेत. येणारा प्रत्येक जण ती वाचून हसतो, मीही हसते. पण ज्यांची नुसती हरकत नाही, त्यांच्या घरी मी माझं गाव सोडून येऊ शकत नाही. मी परवानगी मागत नाही. आम्ही तुम्हाला तिथं हवे आहोत का, एवढंच सांगा. नको असू तर तसं सांगा. मला राग येणार नाही.'"

पेंटर म्हणाला, "हरकत नाही यात वाईट काय आहे? माझा मामा माझ्या लग्नात हेच म्हणाला होता. किती आनंदानं म्हणाला होता!"

"मराठीत काहीच वाईट नाही. आपण चहालासुद्धा हरकत नाही म्हणतो. इंग्रजीत ते कचेरीचं आहे, पेंटर. कोणाला घरावर मजला चढवायचा असला, की अर्जावर आम्ही हे टाइप करायचो."

पेंटरनं डोक्याला हात लावला.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी मुलानं परगावीच, कचेरीत सह्या करून लग्न केलं. पेंटरची बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं दोघांनाही जाता येईना. निदान शुभेच्छा तरी इंग्रजीत जाव्यात म्हणून पेंटर बाईंकडं आला. बाईंची एक पद्धत होती. त्या कोणालाही एक वाक्य देत नसत. तीन देत, तिन्ही बिनचूक, एकाखाली एक टाइप केलेली. गिऱ्हाइकानं हव्या त्यावर बोट ठेवायचं. पेंटरनं चिठ्ठी हातभर लांब धरली आणि आपल्या धंद्याच्या नजरेनं बघितली. पहिल्या वाक्यात तीन डब्ल्यू होते, आणि डब्ल्यू म्हणजे पाटीवर पाय पसरून बसणारा पाहुणा. दुसऱ्यात तीन वाय. वायच्या खाली दोन्हीकडं भोकं पडतात, ती कशानं भरायची? तिसरं मात्र पाटीसाठीच जन्माला आल्यासारखं होतं. वुई हॅव नो ऑब्जेक्शन. तीन टपोरे ओ, त्यातले दोन समोरासमोर. पेंटरनं तिसऱ्यावर बोट ठेवलं. निळ्याशार पत्र्यावर सोनेरी अक्षरं काढली, अक्षरांना सावली दिली आणि आयुष्यातली सगळ्यात सुंदर पाटी सुनेला पाठवून दिली.

"अजून दहा दिवस आहेत," बाई म्हणाल्या. "पत्र पोचायला तीन लागतात. उद्या या."

दुसऱ्या दिवशी पेंटर आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. जणू वाक्य बघायला नाही, स्थळ बघायलाच आला होता. पाचवा धडा पुन्हा सुरू झाला. बाईंच्या हातात चिठ्ठी होती, पण त्यांनी ती छातीशी धरली.

"कागद दाखवणार नाही. तुम्ही परत टपोरी अक्षरं बघून बोट ठेवाल. ऐकून ठरवायचं. पहिलं. यू आर वेलकम टु लिव्ह विथ मी. माझ्याकडं राहायला या, दार उघडं आहे."

"छान आहे की!"

"छान आहे. पण दार उघडं आहे का, असं तिनं विचारलेलं नाही."

"मग दुसरं."

"आय वुड बी हॅपी इफ यू केम. तुम्ही आलात तर मला आनंद होईल."

"हेच द्या. आनंद आलाय ना त्यात."

"आनंद तर प्रत्येक निमंत्रणपत्रिकेवर असतो. नाही आलात तर काय, ते कुठं आहे यात?"

पेंटर मान खाजवायला लागला. "तिसरं?"

"आय वॉन्ट यू टु कम. तुम्ही मला इथं हवे आहात."

पेंटर खुर्चीत मागं सरकला. "नको बाई. हे अंगावर येतंय. सासऱ्यानं दरडावल्यासारखं."

"व्याकरणाच्या दृष्टीनं..."

"व्याकरणात तिन्ही बरोबर, ठाऊक आहे मला. तुमचं कधी काही चुकतं का?"

हे तो सहज बोलला, पण बाईंना ते लागलं. चिठ्ठीची घडी घालून त्यांनी ती खणात टाकली आणि उगाचच एका मुलीला बोटं वाकडी पडतात म्हणून रागावल्या.

पुढचे दोन दिवस पेंटर फिरकला नाही. मागच्या शेडमध्ये एका दातांच्या डॉक्टरची पाटी चालली होती, तिच्यात तोंड घालून बसला. मन लागेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. मुलगा-सून यायला हवे होते का? हवे होते. हे त्याला चांगलं ठाऊक होतं, अगदी पहिल्या क्षणापासून. पण हवे आहात असं म्हणायचं म्हणजे मागणं झालं. आपण मागितलं, ती बिचारी माहेराजवळची नोकरी सोडून आली, आणि टर्पेंटाइनच्या वासात, मोडक्या जिन्याच्या घरात कष्टी झाली, तर? ते आपल्या माथी. न मागता आले तर आपण मोकळे. हरकत नाही, चालेल, तुमची मर्जी. या शब्दांच्या आडोशानं पेंटरनं सगळा संसार केला होता. काही मागायची वेळ आली की त्याच्या वतीनं बायको बोलायची. "यांना अजून एक पोळी हवीय, वाढा," असं पंगतीत तीच सांगायची. दीड वर्षापूर्वी ती गेली आणि पेंटरचं मागणंच बंद झालं.

दुपारी त्यानं पाटीपासून दूर जाऊन बघितलं तर डॉक्टरच्या नावात एकच अक्षर दोनदा पडलं होतं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यानं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली, अक्षर पुसलं आणि तसाच हात पुसत क्लासात गेला.

"बाई, मला तोडगा सापडला. तिन्ही वाक्यं पाठवून देऊ. खाली लिहू, की सगळी बरोबर आहेत, तुला आवडेल ते घे."

एरवी बाई कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी मशिनांच्या वर त्यांचा आवाज गेला. "म्हणजे पुन्हा हात झटकून मोकळे! तिनं तुम्हाला विचारलंय, पेंटर. तुमच्या पोटात काय आहे ते तिनं कसं निवडायचं?"

दोन मुलींची बोटं थांबली. बाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं, तशी ती पुन्हा चालायला लागली. मग त्या खुर्ची ओढून पेंटरच्या जवळ बसल्या आणि वेगळ्याच, हलक्या आवाजात म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मागच्या वेळी दोन वाक्यं मनासारखी झाली होती. तिसरं सुचेना. पण तीन द्यायची सवय ना, म्हणून कचेरीतलं घातलं. तुम्ही नेमकं त्याच्यावर बोट ठेवलंत. तेव्हाच मला कळलं होतं की हे जायला नको. तोंडापर्यंत आलं होतं. पण म्हटलं, बरोबर तर आहे. तेहतीस वर्षं मी चुकलेली वाक्यं थांबवली. बरोबर असलेलं वाक्य थांबवायचं असतं, हे मला कोणी शिकवलंच नाही. आणि ती पोरगी तीन वर्षं रोज स्वयंपाकघरात ते वाचतेय."

कॉमाबाईंनी चूक कबूल केली, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. त्याला त्यांची दयाही आली आणि कसा कोण जाणे, धीरही आला.

"बाई, खरं सांगू?"

"सांगा. त्यासाठीच तर मशिनं वाजतायत."

"मला करमत नाही."

आणि एकदा सांडलंच आहे तर सांडू दे, अशा हिशेबानं तो बोलत सुटला. "तक्रार काही नाही. हाताला काम आहे, तब्येत बरी आहे, दोन वेळचं जेवतो. पण संध्याकाळी ब्रश धुऊन ठेवले की करमत नाही. बायको गेली तेव्हा सून आठ दिवस राहायला आली होती. आम्ही दोघं काय बोलणार? ती हसायची, मी मान हलवायचो. पण सकाळी मी खाली शेडमध्ये असायचो आणि वर तिच्या भांड्यांचा आवाज यायचा. काहीतरी गुणगुणायची पण. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं हो. घरात माणूस गेलेलं, आणि मला त्या आठ दिवसांत करमलं. लाज वाटते सांगायला. अजून कोणाला सांगितलेलं नाही."

बाईंनी मशिनीत कोरा कागद चढवला. "करमत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि कधी नव्हे त्या अडल्या. आय ॲम बोअर्ड टाइप केलं, खोडलं. "हे नाटकाला कंटाळलेल्या माणसाचं झालं." आय ॲम लोनली टाइप केलं आणि अर्थ सांगितला, मी एकाकी आहे.

"नको," पेंटर म्हणाला. "कीव येऊन येतील."

"आय मिस यू. तुमची आठवण येते."

"येते. पण ते लांबूनच बरं असल्यासारखं वाटतं."

बाईंनी कागद काढून चुरगळला. दुसरा चढवला. तोही चुरगळला. सगळी वाक्यं बिनचूक होती, टोपलीत जाऊन पडत होती. एव्हाना आठही मशिनं बंद होती आणि मुली उघड उघड ऐकत होत्या, पण ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"करमत नाहीला इंग्रजी नाहीच की काय!" बाई वैतागल्या.

"नसू दे," पेंटर म्हणाला. "भांड्यांचं सांगता येईल का? मी म्हणालो तसंच?"

बाई भराभर टाइप करायला लागल्या. इन द मॉर्निंग्ज आय हर्ड यू इन द किचन. "सकाळी तुमचा स्वयंपाकघरातला आवाज मला ऐकू यायचा. हे झालं पहिलं. आता पुढं तीन तऱ्हांनी जाता येतं. इट वॉज नाइस. ते छान होतं. किंवा आय वुड लाइक टु हिअर इट अगेन. परत ऐकायला आवडेल. किंवा आय वॉन्ट टु हिअर इट अगेन. मला तो परत ऐकायचाय."

"शेवटच्यात वॉन्ट आहे. म्हणजे ते अंगावर येणारं ना?"

"तेच."

पेंटरनं शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. कपाळाला निळा रंग लागला. "येऊ दे अंगावर," तो म्हणाला. "तेच खरं आहे."

"आणि शेवटी प्लीज कम?"

"म्हणजे?"

"कृपा करून या. साधंच आहे."

"घाला."

बाई कागद पाकिटात घालायला निघाल्या तर पेंटरनं तो मागून घेतला. हे मी माझ्या हातानं लिहिणार, म्हणाला. पण त्याआधी त्यानं एक वेगळीच गोष्ट केली. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, हा कशाचा, तो कशाचा, असं बाईंना विचारत गेला. किचन त्याला ठाऊक होताच, मॉर्निंग ऐकून माहीत होता. हर्ड नवीन होता. तो त्यानं दोनदा विचारला. मग लहान मुलं बसतात तशा पहिल्या बाकावर बसून त्यानं तीन ओळी पेनानं लिहिल्या. फूटभर उंच अक्षरं काढणारा हात तो. बारीक लिहायची सवय नाही. ओळी खाली घसरल्या, एक ओ लंबुळका झाला. बाई म्हणाल्या, पुन्हा लिहिता का? तो म्हणाला, राहू दे.

पत्र गेलं. नंतरचे दिवस पेंटर बरा होता. डॉक्टरची पाटी पुरी झाली, डॉक्टर खूष झाले. मनात धाकधूक होती, पण तीही त्याला नकोशी वाटत नव्हती. पोटात ठेवलेलं बाहेर पडलं की माणसाला भूक चांगली लागते, तशी त्याला लागत होती.

महिना संपायला एक दिवस राहिला असताना, भर सकाळी क्लासातला फोन वाजला. रविवार नव्हता. बाईंनी जिन्यातून हाक मारली. पेंटर हातातला ब्रश तसाच घेऊन आला. पलीकडं मुलगा होता.

"बाबा, तिला काय लिहिलंत तुम्ही? कालपासून खोकी गोळा करतेय. माहेराजवळच्या दवाखान्याला कळवूनसुद्धा टाकलं, येत नाही म्हणून. मी म्हटलं पत्र दाखव तर म्हणते, तुझं नाही ते, माझं आहे."

"लिहिलं काहीतरी," पेंटर म्हणाला.

"अहो, सांगा की! मला तरी सांगा."

बाई खडूचा डबा उघडून खडू मोजायला लागल्या. पेंटरनं ब्रश खिडकीत ठेवला. इंग्रजीत पाठवताना मध्ये तीन दिवसांचा रस्ता होता, पाकीट होतं. इथं मुलाचा श्वास कानात ऐकू येत होता. त्यानं सवयीनं 'तुमची मर्जी' म्हणायला तोंड उघडलं आणि ते गिळलं.

"मला करमत नाही रे इथं," तो म्हणाला. "तुम्ही दोघं या. मला हवे आहात."

मग मुलगा बोलला, आणि त्याचा आवाज लहानपणी तापात असायचा तसा झाला होता.

"मग मला का नाही सांगितलंत, बाबा? दर रविवारी फोन करतो मी."

"तू विचारायचास, बाबा ठीक ना? तर ठीकच होतो," पेंटर म्हणाला. "काय हवंय, ते तिनं विचारलं."